माळावरचे खड्डे

मार्च लागला की आमची सकाळची शाळा. शनिवारी शेवटचा तास गोष्टीचा. सोलापूरकडं नान्नजजवळचं गाव, चौथीचा वर्ग, पट एकोणीस. त्या दिवशी निसर्गरक्षणावर काहीतरी सांगायचं होतं, म्हणून मी ठेवणीतली गोष्ट काढली: घनदाट जंगल, लाकूडतोड्या, रडणारं झाड, शेवटी सगळ्यांनी मिळून लावलेली शंभर रोपं. झाडाचं रडणं मला बरं जमतं.

गोष्ट संपली तसं मागचं एक पोरगं उठलं. घरी मेंढरं आहेत त्याच्या.

"सर, तुमी कवाबी जंगलाचीच गोष्ट सांगायलाव. आपल्याकडं जंगल कुठाय?"

"नाही, म्हणून तर लावायचं."

"माळावर झाडं लावल्यावर मेंढरं कुठं चरायची? आन् माळढोक कुठं उतरायचा?"

पोरं हसली. मी फळा पुसायला लागलो.

नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ सालचं. सोलापूर-नगर मिळून आधी ८४९६ चौरस किलोमीटर, पुढं कमी करत १२२२ वर आणलं, हे आकडे स्पर्धा परीक्षेसाठी मीच पोरांकडून घोकून घेतो. पण पक्ष्याच्या नावातच माळ आहे, ढोक नंतर येतो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आपण माळाला पडीक म्हणतो. पडीक म्हटलं की तिथं काहीतरी लावायला हात शिवशिवतात.

शाळा सुटल्यावर चार-पाच पोरांबरोबर माळावर गेलो. कुसळ पार पिवळं पडलेलं, पँटीला टोचत होतं. पोरगं पुढं, मी मागं. एकदम ते ओरडलं, "सर, पाय टेकू नका!"

मी एका पायावर उभा. डोक्यावर टिटवी कर्कश ओरडत घिरट्या घालायला लागली. खाली पाहिलं तर मुरूम आणि खडे, दुसरं काही नाही. पोरानं वाकून बोट दाखवलं तेव्हा दिसली: चार अंडी, मातकट, वर काळपट ठिपके, निमुळती टोकं आत वळवलेली. काडी नाही, गवत नाही, चार खडे इकडंतिकडं सारले की झालं घर. बुटापासून वीतभर लांब.

"माळढोक बी असंच घालतो. पण एकच," पोरगं म्हणालं. "आज्जानं बघितलंय."

"आणि झाडानं काय होतं?"

"झाड आलं की कावळा आला. वर बसून अंडं हेरतो की वो."

पुस्तकंही हेच सांगतात, जरा लांबण लावून. माळढोकाला चारी बाजूंनी मोकळं दिसावं लागतं. आडोसा आला की तो जागा सोडतो. अंगानं जड, नराचं वजन दहा-बारा किलोच्या पुढं जातं, त्यात समोरचं नीट दिसत नाही, म्हणून विजेच्या तारांना धडकून मरतो. हे सगळं मला माहीत होतं. तरी गोष्ट जंगलाचीच सांगत होतो.

परत येताना वाटेत ओळीनं खड्डे लागले. गेल्या पावसाळ्यात वृक्षारोपणाला मीच याच पोरांकडून खणून घेतले होते. फोटोही वर पाठवले होते. रोपं दिवाळीपर्यंत करपली, खड्डे राहिले.

पुढच्या शनिवारी म्हटलं, गोष्ट तुम्हीच लिहा. त्या पोरानं पाऊण पान लिहून आणलं. माळढोकाची आई अंडं सोडून दाणापाण्याला जाते, परत येते तर माळावर खड्डेच खड्डे, अंडं सापडत नाही.

"यात दुष्ट कोण? झाड का?" मी विचारलं.

"झाड कशाला? त्ये बिचारं वाळून गेलं की." मग पेन्सिल चावत थोडं थांबलं. "खड्डं खणणारा. पण त्याचं नाव न्हाई घातलं, सर."