भोक असलेलं फावडं (ओटावा, कॅनडा)

नायगारा झाला, टोरंटो झालं, सीएन टॉवरच्या काचेवर उभं राहून बायकोचे पाय लटपटले, ते सगळे फोटो फेसबुकवर आहेतच. त्यात अजून भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही, गर्दी मरणाची होती एवढंच. मला लिहायचंय ते एका फावड्याबद्दल.

ओटावाला माझा आतेभाऊ असतो. त्याच्या मुलाला शाळेत प्रोजेक्ट होता, कॅनडात लागलेले शोध, आणि त्याला 'मिलिटरीवाले' शोध हवे होते, बाकी मुलांनी इन्सुलिन आधीच पळवलं होतं म्हणे. म्हणून आमची वरात निघाली वॉर म्युझियमला. खरं सांगतो, मला असली म्युझियम्स झेपत नाहीत, दोन हॉल झाले की सगळ्या बंदुका सारख्याच दिसायला लागतात आणि मी बाकडं शोधायला लागतो. पण बाबा बरोबर होते. ते पाटबंधारे खात्यातून स्टोअरकीपर म्हणून रिटायर झालेत, सरकारी वस्तू दिसली की यांचे डोळे चमकतात.

बिल्डिंग मात्र भारी आहे हं. 2005 साली उघडली, छपरावर गवत आणि आत काँक्रीटच्या भिंती मुद्दाम तिरक्या. बाबांनी आत शिरताच विचारलं, "ओळंबा कोणी धरला होता?" ज्याने डिझाइन केलं तो रेमंड मोरियामा लहानपणी दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्याच छावणीत होता, गुन्हा काय तर घराणं जपानी. त्याच माणसाकडून देशाने हे बांधून घेतलं.

तर फावडं. पहिल्या महायुद्धाच्या वस्तूंमध्ये ठेवलेलं, जाड पत्र्याचं, आणि पात्यात चक्क एक भोक. मला आधी वाटलं गोळी लागून पडलंय. नाही! मुद्दाम पाडलेलं! आयडिया अशी की सैनिकाने खड्डा खणायचा, मग तेच फावडं ढालीसारखं समोर रोवायचं आणि भोकातून बंदूक काढून गोळ्या झाडायच्या. 1913 चं पेटंट, नाव एना मॅकअ‍ॅडम, आणि या बाई कोण तर संरक्षण खात्याचे मंत्री सॅम ह्यूजेस यांच्या सेक्रेटरी. साहेबांनी मागवली किती, तर 25,000.

आता काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. खणायला घेतलं तर माती भोकातून खाली. ढाल म्हणून रोवलं तर गोळी आरपार. आणि वजन सव्वापाच पौंड, म्हणजे जवळपास अडीच किलोचं हे लोढणं आधीच सामानाने वाकलेल्या पोराच्या पाठीवर! ना धड फावडं ना धड ढाल.

बाबा तिथून हलेनात. एक डॉलर पस्तीस सेंटला एक नग म्हटल्यावर त्यांनी तोंडी हिशोब केला, 33,750. मी मोबाईलवर शोधून सांगितलं की पुढे त्यातली 22,000 भंगारात निघाली, आले 1,400 डॉलर. "चार टक्के," बाबा म्हणाले, "आमच्या स्टोअरच्या भंगाराला याहून बरा भाव यायचा." मग थोड्या वेळाने, "आणि ट्रायल कोणी घेतली होती रे? सॅम्पल पास कोणी केलं?" शेजारची एक गोरी बाई हसायला लागली, तिला मराठी कळत नव्हतं पण सूर कळला असावा.

ह्यूजेसचं दुसरं लाडकं बाळ म्हणजे रॉस रायफल, बनवायची क्विबेकमध्ये. नेमबाजीत एकदम अचूक, स्नायपर लोक शेवटपर्यंत खूश, पण खंदकातला चिखल गेला किंवा ब्रिटिश काडतुसं भरून भराभर झाडली की बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) जाम. मग ऐन लढाईत सैनिक बुटाने लाथा घालून तो उघडायचे. बेल्जियममधल्या यप्रच्या लढाईत हजाराहून जास्त जणांनी रॉस फेकून मेलेल्या ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड उचलल्या. तरी मंत्रीमहोदयांचा हेका कायम, खुर्ची गेली नोव्हेंबर 1916 मध्ये.

त्याच यप्रला 22 एप्रिल 1915 ला जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. मास्क नव्हतेच, लोकांनी लघवीत भिजवलेली फडकी तोंडाला लावली. चारच दिवसांनी आपली, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश इंडियन आर्मीची लाहोर डिव्हिजन तिथे हल्ल्याला गेली, जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्या दिवसाचा. मग क्लूनी मॅकफर्सन नावाच्या न्यूफाउंडलंडच्या डॉक्टरने डोक्यावरून ओढायची एक फ्लॅनेलची पिशवी केली, हायपो (सोडियम थायोसल्फेट), धुण्याचा सोडा आणि ग्लिसरीनमध्ये भिजवलेली, बघायला पुढे खिडकी. दिसायला भुतासारखी, पण चालली. लाखांनी निघाल्या. (न्यूफाउंडलंड तेव्हा कॅनडात नव्हतंच, 1949 ला आलं, पण शोध मात्र आता कॅनडाचा!)

आता पुतण्या म्हणतो, गॅस मास्क नको, वॉकीटॉकी घेतो. डोनाल्ड हिंग्जने 1937 मध्ये खाणकंपनीत काम करताना केला, जंगलात उतरणाऱ्या वैमानिकांसाठी, आणि युद्ध लागल्यावर तो सैन्याने उचलला. बाबांचं म्हणणं, फावडं घे. "आजोबा, पण ते चाललंच नाही ना!" "म्हणूनच घे, बाकीचे काय कोणीही लिहील." पार्किंगपर्यंत हा वाद, मग गाडीत, मग जेवताना, आतेभावाच्या बायकोने इतकी झकास मिसळ केली होती आणि हे दोघे फावड्यावर. जर्मनांचा तो क्लोरीनचा हल्ला आखणाऱ्या फ्रिट्झ हेबरपासून बोफोर्सपर्यंत सगळं निघालं.

शेवटी चार्टवर वॉकीटॉकी मोठा आणि खाली कोपऱ्यात पेन्सिलने फावडं काढलंय. भोक जरा जास्तच मोठं झालंय, पण बाबांनी पास केलं.