जळक्या कॉइल आणि निवड समिती

वडोदऱ्यात ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या माणसांची वानवा नाही. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) वाइंडिंगचं, म्हणजे तारेची वेटोळी गुंडाळायचं, काम करणारे हवे तेवढे भेटतात. तरी आमच्या कॉलेजातल्या बी.व्होक. या कौशल्य-पदवीच्या इलेक्ट्रिकल शाखेला शिकवायला माणूस मिळता मिळत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) चौकटीत या अभ्यासक्रमाचे ६० टक्के क्रेडिट कौशल्याचे. जाहिरात मात्र पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, वर नेट ही प्राध्यापक-पात्रता परीक्षा किंवा पीएचडी, अशी निघते. मग अर्जही त्याच साच्यातले येतात.

परवाच्या मुलाखतींत एक उमेदवार पीएचडी होते. शॉर्टसर्किटमध्ये वाइंडिंगवरचं बल करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, करंट दहापट तर बल शंभरपट, हे त्यांनी फळ्यावर स्वच्छ मांडलं. एकही पायरी गाळली नाही. डेमो लेक्चरला खरे विद्यार्थी बसवायचे हा माझा हट्ट. मुलांनी सगळं मुकाट उतरवून घेतलं.

दुसरे गृहस्थ पन्नाशीचे. आयटीआय, मग नोकरी सांभाळून डिप्लोमा, आणि उभी हयात दुरुस्ती-टेस्टिंगमध्ये. यूजीसीच्या २०२२च्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ (उद्योगातल्या अनुभवी माणसाला शिकवायला नेमणं) नियमांत १५ वर्षांचा अनुभव लागतो, पदवीची सक्ती नाही. त्याच आधारावर मी त्यांना बोलावलं होतं. त्यांनी पिशवीतून एका निकामी ट्रान्सफॉर्मरच्या दोन कॉइल काढून टेबलावर ठेवल्या. जळक्या तेलाचा वास खोलीभर झाला.

“हात लावून बघा,” ते मुलांना गुजरातीत म्हणाले. “ही आत का दबली, आणि ही बाहेर का फुगली?”

एका मुलीने फुगवट्यावरून बोट फिरवलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, दोघींतला करंट उलट दिशेचा, म्हणून एकमेकींना ढकलतात. ते खूश झाले. मग त्यांनी सरकलेली प्रेसबोर्डची (दाबलेल्या जाड पुठ्ठ्याची) पट्टी दाखवली आणि विचारलं, “आता सांगा, दोष लाइनचा की वाइंडिंग करणाऱ्याचा?” मुलं आपसांत भांडायला लागली. वेळ संपली तरी कोणी उठेना.

समितीत पहिला प्रश्न आला, “इंग्रजीत जमेल का यांना?” याच शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, ते हुन्नर लोकांच्या भाषेत शिकवता यावं म्हणून. त्याच शहरातल्या समितीत हा प्रश्न ऐकताना मला फार लागलं. मी नियम पुढे ठेवला, तर त्यातलं ‘शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा अनुभव’ एवढंच सगळ्यांनी धरलं. एखाद्या जनरल मॅनेजरला बोलवा म्हणाले. आमच्याकडे वरिष्ठ म्हणजे केबिनवाला. कॉइल उघडून दोष सांगणारा माणूस त्यांच्या लेखी कामगारच.

बऱ्याच वादानंतर एका वर्षाच्या नेमणुकीपर्यंत गाडी आली. नियमातच सुरुवात एका वर्षाची आहे, आणि पुढे वाढवूनही एकूण ३ वर्षं, अपवाद म्हणून आणखी एक. व्हरांड्यात मी त्यांना हे सांगितलं.

“मॅडम, शिकवायला मला आवडेल हो. पण पर्मनंट नोकरी सोडून एका वर्षावर कसा येऊ? मुलगी कॉलेजात आहे. पुढच्या वर्षी मला कोण परत घेणार?” मग जरा थांबून म्हणाले, “शनिवारी येऊ का? शनिवारी आमची सुट्टी असते.”

नियम करणाऱ्यांनी पदवीची अट काढली हे चांगलंच केलं. पण कंपनीतून निवृत्त झालेला साहेबच एका वर्षावर येऊ शकतो, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही का? ज्याचे हात अजून कामात आहेत त्याला ही नेमणूक परवडणारच नाही.

मी टिपणी लिहिली आहे: पीएचडीवाल्यांना नियमित पदावर घ्यावं, यांना शनिवारी व्हिजिटिंगवर, आणि शॉर्टसर्किटचा धडा दोघांनी एकाच वर्गात मिळून घ्यावा. फळ्यावरचं समीकरण आणि टेबलावरची कॉइल मुलांना एकाच तासात दिसली पाहिजे. हिशेब खात्याने फाइल परत पाठवली. तासाचा दर पदवीवर ठरतो, आणि दरपत्रकात डिप्लोमाला रकानाच नाही. तो रकाना मी हाताने आखला, दर पीएचडीइतकाच लिहिला आणि फाइल पुन्हा वर पाठवली आहे.