कासराभर दिवस

भाच्याला शाळेत एका शब्दाची गोष्ट लिहायची होती, त्याने ‘सूर्य’ घेतला. फोन अर्थातच मला, कारण घरात संस्कृत शिकलेली मी एकटीच.

म्हटलं, दहा मिनिटांचं काम. पण यास्काने निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांची फोड करणाऱ्या त्याच्या प्राचीन ग्रंथात, एका दमात तीन व्युत्पत्त्या देऊन ठेवल्यात: ‘सूर्यः सर्तेर्वा सुवतेर्वा स्वीर्यतेर्वा’. सरकतो म्हणून, किंवा सगळ्यांना कामाला लावतो म्हणून, किंवा त्यालाच कुणीतरी नीट पुढे ढकलतं म्हणून. मला त्यातला तो ‘वा’ फार आवडतो. व्याकरणकार पाणिनी असल्या भानगडीत पडत नाही. त्याने सूत्रात ‘सूर्य’ तयारच ठेवलाय, आहे तसा घ्या.

आजचे भाषाभ्यासक तो वेदातल्या ‘स्वर्’शी जोडतात. स्वर् म्हणजे प्रकाश, आकाश, सूर्यसुद्धा. ‘भूर्भुवः स्वः’ मधला शेवटचा तोच. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, या ‘स’चा ‘ह’ होतो, म्हणून तिथे ‘ह्वर’, आणि पुढे फारसीत ‘खुर्शीद’मधला ‘खुर’. भाच्याला हे पटेना. मग विचारलं, आठवड्याला हप्ता का म्हणतात? सप्त, हप्त, हप्ता. तेव्हा कुठे गप्प बसला. लॅटिनचा सोल आणि ग्रीकांचा हेलिओस याच खानदानातले, ते त्याने स्वतःच लिहून घेतलं.

फोन ठेवता ठेवता म्हणाला, “मावशी, पणजी काय म्हणायची?”

आजी सूर्य म्हणायचीच नाही! सूर्य फक्त रथसप्तमीला, रांगोळीतल्या रथावर. एरवी ‘दिवस’. दिवस उगवला, दिवस माथ्यावर आला, दिवस बुडाल्यावर केर काढू नको. सुट्टीत आम्ही लोळत पडलो की माजघरातून आवाज यायचा, “कासराभर दिवस वर आला, उठा की गं आता!” चोवीस तासांचा दिवस कासऱ्याने कसा मोजणार? तिचा दिवस आभाळात दिसायचा. रविवारही तिचा ‘आइतवार’, म्हणजे आदित्यवारच.

“कासरा म्हणजे?”

बैलाचा दोर, म्हटलं. किती लांब? ते मलाही सांगता येईना. शेवटी तो बाल्कनीतली कपड्यांची दोरी सोडून आला आणि व्हिडिओवर ती समोरच्या इमारतीच्या गच्चीवर धरून बघत बसला. त्याच्या खिडकीतून दिवस अजून गच्चीच्या खालीच होता.