देऊ देऊ म्हणत बुडालेली देवू आणि आमची मॅटिझ

परवा पार्क चौकात सिग्नलला थांबलो होतो तर शेजारच्या बाईकवरच्या पोरानं वाकून विचारलं, काका ही कुठली गाडी ओ, नवीन इलेक्ट्रिक आलीय का? मी म्हणलं न्हाय बे, मॅटिझ हाय, तुझ्यापेक्षा मोठी हाय वयानं. सिग्नल सुटला आणि तो गेला पण जाताना दोनदा मागं वळून बघितलं त्यानं. मागच्या सीटवर घडी घालून ठेवलेली चादर बघितली असंल तर कळलं असंल की गाडी सोलापूरचीच आहे, बाकी देवू ह्या कोरियन कंपनीचा लोगो बघून कुणाला काही कळायचे दिवस गेले.

2000 सालची गाडी आहे आमची, एमएच 13, अण्णांच्या नावावर. म्हणजे पंचवीस वर्षं झाली. आरटीओत तीन वेळा पासिंग करून घेतलंय आणि दरवेळी तिथला एखादा माणूस "अजून चालू हाय व्हय ही" असं म्हणतोच. आता सगळे म्हणतात विका, भंगारात घाला, किती दिवस. मी पण अधेमधे म्हणतो. पण ते होत नाही आणि का होत नाही तेच लिहायला बसलोय.

अण्णांचे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग होते, चादरीचे, जकार्डवाले. त्या वेळेला दोन सीझन चांगले गेले आणि घरात गाडीचा विषय निघाला. 1998 चं शेवट आठवतं का कुणाला? तोवर गाडी म्हणजे मारुती 800, फार तर झेन. आणि मग चार महिन्यांत सँट्रो आली, मॅटिझ आली, वर्ष संपता संपता टाटांनी इंडिका बाजारात आणली. एकदम जत्राच. सँट्रोला शाहरुख खान होता जाहिरातीत म्हणून माझं मत सँट्रोला, पण मी तेव्हा आठवीत, मला कोण विचारतंय. आईनं सँट्रो बघितली आणि म्हणली ही काय डोक्यावर पाटी घेऊन उभी राहिल्यासारखी दिसतीय. मॅटिझ बघितली आणि म्हणली, ही बघ कशी डोळे उघडून बघतीय. झालं, ठरलं. पुण्याहून आणली, येताना मोहोळात चहा, घरी आल्यावर नारळ, चाकाखाली लिंबू, आणि दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वराला.

तो डोळे उघडे ठेवलेला चेहरा कुणी काढला माहितीय का? इटलीतल्या ज्युजारोनं. त्याच्या इटालडिझाइननं आधी ते डिझाइन फियाटच्या छोट्या गाडीसाठी दाखवलं होतं, लुच्चोला नावानं, फियाटनं घेतलं नाही, मग ते कोरियात देवूकडं गेलं आणि त्यातनं मॅटिझ झाली. म्हणजे फियाटला नको झालेली पोरगी कोरियात दिली आणि तिथनं सोलापुरात आली.

आता खरी गंमत सांगतो, आणि ही अण्णांनी सांगितलेली आहे, मी नंतर सगळं वाचून खात्री केली. देवूचा मालक किम वू-चुंग, ह्यानं 1967 ला धंदा सुरू केला तो गाड्यांचा नाही, कापडाचा. कापड आणि शर्ट परदेशात पाठवायचा. देवू म्हणजे मोठं विश्व, आणि त्यातला "वू" त्याच्या स्वतःच्या नावातला. हा इसम भारतात आला 1994 ला तो कुणाच्या दारातनं आला, तर डीसीएम टोयोटाच्या. दिल्लीजवळ सूरजपूरला त्यांचा कारखाना होता, डायना नावाचे छोटे ट्रक काढायचे, तो देवूनं हातात घेतला आणि 1995 ला त्यातनं सिएलो काढली. डीसीएम म्हणजे काय? दिल्ली क्लॉथ मिल. कापड गिरणी. आणि टोयोटा म्हणजे काय? साकिची टोयोडा, मागवाला. 1924 ला त्यानं असा माग केला की धोट्यातलं, म्हणजे आडवा दोरा इकडून तिकडं नेतो त्यातलं, सूत संपलं की माग न थांबता धोटा आपोआप बदलायचा, आणि ताण्याचा उभा दोरा तुटला की माग आपोआप बंद. त्याच्याच पोरानं नंतर त्या कंपनीत गाड्यांचं खातं काढलं. बरं मारुतीची सुझुकी? ती पण सुझुकी लूम वर्क्स, 1909 ची, माग बनवायचा कारखाना.

अण्णा हे सांगताना मागाच्या खडखडाटात ओरडून सांगायचे आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "त्यांच्या मागातनं गाड्या निघाल्या आन आपल्या मागातनं चादरच निघतीय चाळीस वर्षं." हसायचे पण ते. लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडलेली बघितलेला माणूस, त्यामुळं हसण्यात थोडं काहीतरी वेगळं पण असायचं.

देवूची गाडी कंपनी तशी जुनी, मूळ 1937 पासूनची, नाव तीन-चारदा बदललं, मधल्या काळात अमेरिकेच्या जनरल मोटर्सची, म्हणजे जीएमची, भागीदारी. सिएलो सुद्धा खरी जर्मनीच्या ओपेलची जुनी काडेट, कपडे बदललेली. 1992 ला जीएम बाहेर पडली आणि किमसाहेबांना मोकळं रान मिळालं. मग काय, पोलंडमध्ये कारखाना, रोमानियात कारखाना, उझबेकिस्तानात कारखाना, भारतात कारखाना, घरात लानोस नुबिरा लेगान्झा अशा तीन नव्या गाड्या एकाच वर्षात, वर सांगयाँग ही दुसरी कोरियन गाडी कंपनी पण विकत घेतली. सगळं उसन्या पैशावर. 1997 ला आशियातल्या चलनांची वाट लागली, कोरियाला आयएमएफच्या दारात जावं लागलं, बाकीचे उद्योग हात आखडते घेत होते तर हा बाबा अजून कर्ज काढत होता. त्या काळात कोरियातला दोन नंबरचा उद्योगसमूह होता देवू, टीव्हीपासून जहाजापर्यंत सगळं बनवणारा. 1999 ला कोसळला. किम परदेशात पळाला, 2005 ला परत आला, हिशोबातल्या घोळासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली, 2007 च्या शेवटी माफी मिळाली, 2019 च्या डिसेंबरात वारला.

अण्णांचा ह्याच्यावर एकच शेरा, "नावच देऊ. देऊ देऊ म्हणत शेवटी दिलंच न्हाय कुणाचं." पण त्यांनी स्वतः त्याच सुमारास आणखी आठ माग उधारीवर घ्यायचं ठरवलं होतं आणि ते रद्द केलं, हे मला आईकडनं फार नंतर कळलं. देवूमुळं रद्द केलं असं काही नाही, सुताचे भाव वाढले होते. पण पेपरात किमचा फोटो आला होता तो कापून त्यांनी कपाटात ठेवलेला, मागच्या दिवाळीला साफसफाईत सापडला. विचारलं तर म्हणले, ठेवला असंल कशाला तरी.

गाडीबद्दल म्हणाल तर गावातल्या मॅटिझवाल्यांचं मत जवळजवळ सारखं होतं. एक काळ होता की सात रस्ता ते आसरा चौक जाताना दोन-तीन मॅटिझ तरी दिसायच्या, एकमेकांना हात करायचो. 796 सीसी, तीन सिलिंडर, त्यामुळं आयडलला एक बारीक थरथर, ती ज्याला आवडली त्याला आवडली, मला अजून त्या थरथरीशिवाय गाडी चालू झाल्यासारखं वाटत नाही. बसायला उंच, काचा मोठ्या, नवी पेठेतल्या गर्दीत चारी कोपरे दिसतात. तुळजापूरच्या घाटात चार माणसं बसवून एसी बंद करायचा, हा तेव्हाच्या सगळ्या 800 सीसींचा नियम, मारुतीवाले पण तेच करायचे. आणि मे महिन्यात 43 डिग्रीला दुपारी दोन वाजता घाट चढायला जाणाऱ्याला गाडीनं काय करावं, आधी त्याचं डोकं तपासलं पाहिजे.

कंपनी गेली तेव्हा मात्र सगळ्यांची पाचावर धारण बसली. 2002 ला जीएमनं देवूचा कोरियातला बराचसा भाग घेतला पण आपला सूरजपूरचा कारखाना त्यात नव्हता. म्हणजे बाप गेला आणि सावत्र बाप आला तो पण आपल्याला सोडून बाकीच्यांना घेऊन गेला. निम्म्या लोकांनी पडेल त्या भावात विकल्या. आमच्या गल्लीतल्या एकांनी मॅटिझ देऊन टू-व्हीलर घेतली होती, खोटं नाही सांगत.

आम्हाला वाचवलं चाचांनी. कुमठा नाक्याच्या अलीकडं त्यांचं गॅरेज, पत्र्याचं शेड, बाहेर कडुलिंब. त्यांनी एकच सांगितलं, "अण्णा, गाडी को कंपनी का नाव मालूम नहीं रहता." 2007 ला जीएमनं भारतात शेवरोले स्पार्क आणली आणि चाचा शोरूमबाहेरच उभे राहून वाकून खालनं बघून आले. स्पार्क म्हणजे मॅटिझचीच पुढची पिढी, इथं 995 सीसीचं इंजिन घालून आणलेली. तिथनं पुढं चाचांचं ठरलं, आधी "स्पार्क का बैठता क्या देखेंगे". काही बसतं, काही घासून बसवावं लागतं, काही बसतच नाही, मग पुण्याला नाना पेठेत फोन.

एकदा मात्र आमच्याच चुकीनं भोगलं. टायमिंग बेल्ट बदला असं चाचा वर्षभर सांगत होते आणि आम्ही गड्ड्याच्या जत्रेनंतर बघू, उन्हाळ्यानंतर बघू, दिवाळीनंतर बघू. 2011 ला मोहोळच्या अलीकडं तुटला. आवाज सुद्धा नाही आला धड, नुसतं टक्क आणि गाडी गप्प. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा रबरी दातेरी पट्टा पिस्टननं फिरणाऱ्या खालच्या क्रँकचं आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या कॅमचं फिरणं जुळवून ठेवतो, तो तुटला की व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि खालनं पिस्टन येऊन त्यांच्यावर आपटतो. हेड खोलायला लागलं, व्हॉल्व्ह वाकलेले, नाना पेठेतनं यायला पंधरा दिवस.

तेव्हापासून बेल्ट अण्णा स्वतः बघतात. चाचा कव्हर काढतात, अण्णा चष्मा कपाळावर सरकवतात, दोन बोटांत पट्टा धरून अंगठ्यानं पिळतात, पाठीवर भेगा पडल्यात का, कडेला दोरे सुटलेत का, मग नखानं एक दात दाबून बघतात. मागाचा मोटरचा पट्टा ते असाच बघायचे. एकदा म्हणले अजून सहा महिने जाईल, आणि चाचांनी काही न बोलता नवीन बेल्टचा पुडा फोडला. जुना पट्टा अण्णांनी घरी आणला, तो कारखान्यात खिळ्याला लटकवलेला आहे, वाकलेल्या एका व्हॉल्व्हशेजारी.

माग आता चारच उरलेत, ते पण चुलतभाऊ बघतो.

देवू तशी गेलीय पण गेली नाही. शेवरोले नावानं आलेली ऑप्ट्रा देवूची, आव्हिओ देवूची, बीट तर कोरियात मॅटिझ ह्याच नावानं विकली गेली. गुनसानचा देवूचा ट्रकचा कारखाना टाटांनी 2004 ला घेतला. सांगयाँग काही वर्षं महिंद्राकडं होती. चीनच्या चेरीनं क्यूक्यू काढली ती मॅटिझची नक्कल म्हणून जीएम त्यांच्याशी भांडत बसली. उझबेकिस्तानात तर कितीतरी वर्षं मॅटिझ निघत होत्या, ताश्कंदचे फोटो बघितले की मला सात रस्ताच आठवतो, फक्त हिरव्या पोपटी रंगाच्या जरा जास्त. जीएमनं 2017 ला भारतात गाड्या विकायच्या बंद केल्या तेव्हा स्पार्कवाले पण आमच्या पंगतीत येऊन बसले, चाचा म्हणले चलो, अब सब बराबर.

आणि 2023 ला बातमी आली की जीएमचा तळेगावचा कारखाना ह्युंदाई घेतेय. त्याच कारखान्यात स्पार्क बनायची. म्हणजे मॅटिझच्या लेकरांचं घर सँट्रोवाल्यांनी घेतलं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणलं बघा अण्णा, पंचवीस वर्षांपूर्वी माझं ऐकलं असतं तर. आई आतनं ओरडली, पाटीच होती ती डोक्यावर, अजून सांगते.

अण्णांनी कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवला, जरा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणले, तुझा तो मित्र हाय न्हवं तळेगावला कामाला, त्याला विचार की स्पार्कचे जुने स्पेअर पडलेत का तिथं कुठं, फेकून द्यायच्या आत.