घंटी वाजली की उतरायचं नाही, नाना

मे महिन्यातला शेवटचा शनिवार. संध्याकाळचे सात वाजले होते, पण ऊन अजून कलायचं नाव घेत नव्हतं. नाना, म्हणजे माझे वडील, पुढं आणि मी मागं, असे आम्ही लूपवरून सायकलनं चाललो होतो. लूप म्हणजे फॅलोफील्ड लूप. मँचेस्टरच्या दक्षिणेकडून फिरणारी एक जुनी रेल्वेलाइन उखडून तिच्या जागेवर केलेला सुमारे १३ किलोमीटरचा रस्ता. त्यावर मोटार नाही, मोटारसायकल नाही. पायी जाणारे आणि सायकलवाले, एवढेच. नानांना माझ्या बायकोची सायकल दिली होती. ७१ वर्षांचा माणूस, पण पायडलवर पाय पडला की वय कुठल्या कुठं जातं.

मागून घंटी वाजली. दोनदा, हलकेच.

नानांनी ब्रेक दाबला, खाली उतरले, सायकल ढकलत थेट बाजूच्या झाडोऱ्यात शिरले, रस्त्याकडं पाठ केली, डोळे मिटले आणि नाकातोंडावर हात धरून उभे राहिले.

ते उभं राहणं मी लगेच ओळखलं. आमचं गाव धुळ्यापासून नऊ किलोमीटरवर, पांझरेच्या काठी. नाना धुळ्याच्या कापड गिरणीत कामाला. तेवीस वर्षं तिन्ही पाळ्यांना ते सायकलनं गेले, काळी चोवीस इंची सायकल, कॅरिअरला डबा, आणि अर्ध्याहून जास्त वाट मुंबई-आग्रा हायवेची. तेव्हा तो दोनच पदरी होता. मागून ट्रकचा हॉर्न आला की सायकलवाल्यानं कच्च्यात उतरायचं, ट्रक जाईपर्यंत पाठ फिरवून उभं राहायचं, कारण मागोमाग वाऱ्याचा झोत आणि धुळीचा लोट येतो. लहानपणी पुढच्या दांडीवर बसून मीही असा कितीदा त्यांच्या पोटाला तोंड लावून उभा राहिलोय. इथं धूळ नव्हती, ट्रक नव्हता. पण घंटी वाजली आणि नानांचं शरीर आपोआप आग्रा हायवेच्या साइडपट्टीवर जाऊन उभं राहिलं.

घंटी वाजवणारी एक तरुण बाई होती. तिच्या सायकलला पुढं लाकडी खोका जोडलेला, खोक्यात दोन-अडीच वर्षांचं पोर. ती थांबली, पाय टेकवला आणि नानांची माफी मागू लागली. त्यांना काही लागलंय का, मी घाबरवलं का, असं तीन-तीनदा विचारलं. म्हणाली, मी मागं आहे एवढंच सांगायचं होतं, त्यांनी उतरायची काही गरज नव्हती. मी नानांना सांगितलं. नानांनी हात जोडले, तिनंही पोराला हात हलवायला लावला, आणि ती गेली.

नाना बराच वेळ तसेच उभे. मग आमच्या अहिराणीत म्हणाले, "ती बाई काबर थांबनी?"

या प्रश्नाला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. नियम सांगितला. २०२२ च्या जानेवारीत इथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, बदल झाला आणि सरळ लिहिलं गेलं की रस्त्यावर ज्याच्याकडून जास्त इजा होऊ शकते, त्याच्यावर जास्त जबाबदारी. ट्रकवाल्यानं मोटारीला सांभाळायचं, मोटारवाल्यानं सायकलला, सायकलवाल्यानं पायी चालणाऱ्याला. कालव्याकाठच्या वाटांवर तर पायी चालणाऱ्याचा मान पहिला हे आधीपासूनच चालत आलंय. इथं घंटी म्हणजे "हट" नाही. घंटी म्हणजे "मी आलोय, तुमचं चालू द्या." नानांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आनि तू कशी वाजाडस?"

मी चार वर्षं याच वाटेनं कामावर जातोय. उशीर झाला की मीही लांबूनच घंटी बडवत येतो, कुत्रं घेऊन चाललेला म्हातारा बाजूला झाला की वेग न कमी करता निघून जातो. बापाला हायवेवर ज्यांनी कच्च्यात उतरवलं त्यांच्यावर मी जन्मभर राग धरला, आणि मोटारी नसलेल्या रस्त्यावर आल्यावर सगळ्यात जड वाहन माझंच होतं, तेव्हा मी तेच केलं. हे मला त्या झाडोऱ्यात उभ्या नानांकडं बघून कळलं. त्या रात्री नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून माणूस दिसला की पायडल थांबवतो, जवळ गेल्यावर दोन टोले, आणि त्यानं वळून पाहिल्यावरच पुढं.

नानांना त्यानंतर कितीदा तरी सांगितलं, घंटी वाजली की उतरायचं नाही. ते हो म्हणायचे. आणि उतरायचे.

लूपचं पूर्वेचं टोक फेअरफिल्डला येतं आणि तिथून जवळच अ‍ॅश्टन कॅनाल लागतो. पहिल्यांदा तिथं पोचलो तेव्हा नाना पाण्याकडं बघून एकदम खुलले. म्हणाले, "हाऊ ते आपला पाटच शे!" खरंच, रुंदी तेवढीच, काठाला तसंच गवत, एका बाजूला चालायचा बांध. फरक एवढाच की आपला पाट शेतात जातो आणि हा गिरण्यांना कोळसा, कापूस पोचवायला खणलेला. अठराव्या शतकाच्या शेवटी तो झाला. फेअरफिल्डपासून शहरापर्यंत साधारण सहा किलोमीटरमध्ये १८ लॉक आहेत, म्हणजे पाण्याची दारं, ज्यातून नाव पायरी-पायरीनं खाली उतरते. बोटी घोडे ओढायचे, म्हणून काठाची वाट. जी वाट आज सायकलची, ती मुळात घोड्याची.

एका पुलाखाली नाना थांबले. पुलाच्या कोपऱ्याला लोखंडी पट्टी बसवलीय आणि तिच्यात बोट मावेल असे आडवे चर पडलेत, एकाखाली एक, पाच-सहा. मी इतकी वर्षं तिथून जातो, मला वाटायचं गंजलंय. नानांनी चरात बोट फिरवलं आणि सांगितलं, "ह्या दोरना वण शेतस." आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या दगडाला मोटेच्या दोरानं असेच वण पडलेत, आजोबांच्या काळातले. नंतर वाचलं तर नानांचं तंतोतंत खरं. ओला दोर, त्याला चिकटलेली वाळू, मागं कित्येक टनांची बोट, आणि शंभर-दीडशे वर्षांचं घासणं. त्या लोखंडाची जन्मकथा मला मँचेस्टरच्या कुणी सांगितली नाही. पांझरेकाठच्या माणसानं सांगितली, याचा मला अभिमान वाटतो.

फोन केला की भाऊबंद विचारतात, तिथं एवढं छान, मग आपल्याकडं का नाही? या प्रश्नानं मला चीड येते. कारण इथंही ते आपोआप झालेलं नाही. १९६० च्या सुमारास हाच कालवा गाळानं आणि भंगारानं भरून बंद पडला होता, लोक त्यात गाद्या आणि जुन्या सायकली टाकत होते. बुजवून टाका, असं म्हणणारे कमी नव्हते. १९६८ मध्ये आणि पुन्हा १९७२ मध्ये देशभरातून शेकडो लोक शनिवार-रविवारी आले, गुडघाभर चिखलात उतरले आणि हजारो टन घाण हातानं उपसून काढली. १९७४ मध्ये बोटी पुन्हा सुरू झाल्या. लूपचंही तसंच. तिथून शेवटच्या मालगाड्या १९८८ पर्यंत जात होत्या, मग ती जागा काटेरी झुडपांची आणि कचऱ्याची झाली, आणि सायकलवाल्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर रस्ता झाला.

आणि हातानं पाट उपसणं आपल्याला नवीन आहे का? पांझरेवर पाणी वाटून घ्यायची फड पद्धत तीनशेहून जास्त वर्षं चालत आली. दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, फडात सगळ्यांचं एकच पीक, पुढच्या वर्षी फेरपालट. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार, आणि पाटातला गाळ काढायला अख्खं गाव. माझे चुलते पाट काढायला गेले की आम्ही पोरं भाकरी घेऊन जायचो. एवढंच कशाला, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या सुरुवातीला हात घातला तो आमच्याच पांझरेच्या पाण्याला, धुळ्याच्या पश्चिमेला नदीच्या पात्राखालून नळानं पाणी पलीकडं नेण्याचं काम. इथं मँचेस्टरला स्टोअर स्ट्रीटवर कालवा रस्त्याच्या डोक्यावरून जातो, खालून गाड्या आणि वरून पाणी. नानांना ते दाखवलं तर म्हणाले, आपल्याकडचं अवघड होतं, नदीखालून न्यायचं.

मला नानांचं पटलं. आता हे मी इथं बसून लिहितोय आणि पाट काढायला गेल्या चौदा वर्षांत एकदाही गेलो नाही, हे मला माहीत आहे. गावाकडच्या वाट्याचं मी पैशानं भागवतो. त्यात मला कमीपणा वाटत नाही, पण नाना शेजारी असताना ते वाक्य मी मोठ्यानं म्हटलं नाही.

कालव्यानं खाली उतरत गेलं की सायकल शर्यतींचा वेलोड्रोम लागतो, फुटबॉलचं मोठं स्टेडियम लागतं. स्टेडियमच्या जागी १९६८ पर्यंत कोळशाची खाण होती. पुढं अ‍ॅन्कोट्सच्या गिरण्या. १७९८ ला सुरू झालेली मरेज मिल अजून उभी आहे, लाल विटांची, खिडक्यांच्या रांगाच रांगा. आत आता फ्लॅट आहेत. नानांनी भिंतीला हात लावला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं तेव्हा तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, लाखो माणसं मदतीवर जगू लागली, आणि खानदेशात कापसाला सोन्याचा भाव आला. हे नानांना पाठ आहे, त्यांच्या आजोबांकडून आलेलं. पण ते त्यावर काही बोलले नाहीत. वर बघत राहिले आणि विचारलं, साचे कोणत्या मजल्यावर असतील? मी म्हटलं, इथं सूत काढायचे, विणायचं काम बहुतेक दुसरीकडं. त्यांनी मान हलवली. त्यांची गिरणी बंद पडली तेव्हा मी आठवीत होतो. तिच्या भिंतीला हात लावायला नाना कधी गेले नाहीत.

या वाटांचं सगळंच चांगलं आहे असं नाही. डिसेंबरमध्ये इथं चारच्या आत सूर्य मावळतो आणि लूपवर बऱ्याच ठिकाणी दिवे नाहीत. अंधार पडला की वाट ओस पडते, लुटायचे प्रकार झालेत, माझ्या ऑफिसातल्या बायका हिवाळ्यात तिकडं फिरकत नाहीत. मोटारसायकली शिरू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी अडसर लावलेत, त्यातून अपंगांच्या गाड्या आणि त्या बाईसारखी खोक्याची सायकल नेताना जीव मेटाकुटीला येतो. आमच्या पाटावर रात्री दोनला गेलात तरी कुणी ना कुणी बॅटरी घेऊन पाणी धरताना भेटतो, विडी मागतो, कुणाचा पोऱ्या म्हणून विचारतो. रानातल्या अंधाराची भीती मला कधी वाटली नाही. इथल्या अंधाराची वाटते.

तरीही माझी मुलगी, सहा वर्षांची, रविवारी या वाटेवर माझ्यापुढं एकटी सायकल चालवत जाते, आणि मी मागून ओरडत नाही. आग्रा हायवेच्या गावात हे शक्य नव्हतं. आम्ही इथं का राहिलो, असं कुणी विचारलं की पगाराचं सांगतो. खरं सांगायचं तर हेही एक आहे.

नाना जुलैत परतले. जाताना मी त्यांना इथल्या दुकानातून एक पितळी घंटी घेऊन दिली, ती त्यांनी काळ्या सायकलला बसवली. हायवेवर अजून कच्च्यातच उतरतात, ते मी आता विचारत नाही.

परवा संध्याकाळी फोन केला तर आई म्हणाली, अजून आले नाहीत, मळ्यात गेलेत, इतका उशीर होत नाही कधी. काळजी वाटली. अर्ध्या तासानं त्यांचाच फोन आला. विचारलं, कुठं होता एवढा वेळ? म्हणाले, पाटाच्या बांधावरून येत होतो. घंटी वाजवली का नाही? वाजवली ना, दोनदा, हळू. मग?

"पुढे एक बाई बकऱ्या लई चालनी व्हती. मंग मी उतरी गऊ. तिनं वावर ऊनं तोलोंग तिना मांगे पायी चालनू."