लाल गाडी, पांढरं फडकं

गाडीचा रंग गेला असं लोक म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा रंग गेलेला नसतोच, वरचा थर मेलेला असतो आणि खाली चांगला रंग शाबूत असतो. हे मी कामावर सारखं सांगत असतो पण ऐकून कुणाला पटत नाही, दाखवावं लागतं. मी लोकांच्या घरी जाऊन गाड्यांचं डिटेलिंग, म्हणजे बारकाईने सफाई आणि रंगाची निगा, करतो, बहुतेक काम हाताने. त्यातली ही एक केस लिहून ठेवावीशी वाटली कारण त्यात मला आणि गाडीच्या मालकांना दोघांनाही धक्का बसला, आणि दोघांचा धक्का वेगवेगळ्या गोष्टीचा होता.

गाडी जुनी, लाल रंगाची छोटी सेडान. मालक म्हणजे रिटायर झालेले एक काका, त्यांनी ती सेकंडहँड घेतलेली पण तिलाही आता खूप वर्षं झालेली. मला बोलावलं तेव्हा त्यांचं जवळजवळ ठरलेलं होतं की पूर्ण गाडी रिपेंट करायची, फक्त पेंटरकडे टाकायच्या आधी एकदा कुणीतरी बघून सांगावं इतकंच. टप, डिकी आणि दरवाजे पार गुलाबी पडलेले, बोट फिरवलं की खडूसारखी पावडर बोटावर यायची. बॉनेट मात्र बऱ्यापैकी लाल होतं, चमकही होती. काका म्हणाले, "हे बघ, बॉनेटसारखी सगळी गाडी झाली तर मला रंग नकोच काढायला. होईल का तेवढं?"

मी म्हटलं आधी धुवू, मग बोलू. धुतल्याशिवाय मी कुठल्याच रंगावर मत देत नाही.

धुणं म्हणजे सावलीत, आणि पत्रा गार असताना. हाताची मागची बाजू पॅनेलला लावून बघायची, कोमट लागला तरी थांबायचं, नाहीतर शाम्पू जागेवरच वाळतो आणि डाग धरतो. दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी मिट, म्हणजे धुवायचा मऊ हातमोजा, खळबळायला. टपापासून सुरुवात करून खाली यायचं, चाकांजवळचा भाग सगळ्यात शेवटी कारण खरी वाळू तिथे असते आणि तीच मिटमध्ये अडकून वर आली तर गोल गोल ओरखडे पडतात, उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात ते हेच. भांड्यांचा साबण वापरू नका, तो राहिलेलं वॅक्सही उतरवून टाकतो. मग मायक्रोफायबर टॉवेल नुसता ठेवून पाणी टिपायचं, घासायचं नाही.

वाळल्यावर मी हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून पॅनेलवरून फिरवला. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा रंग पिशवीतून खरखरीत लागतो, हे काकांना करून बघायला सांगितलं तर ते दोन मिनिटं सगळ्या गाडीवरून हात फिरवत होते. ही खरखर म्हणजे रंगात रुतून बसलेली धूळ, लोखंडाचे कण, झाडाचा चीक. ती धुण्याने जात नाही, क्ले बारने, म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ वडीने, जाते. लुब्रिकंटचा, म्हणजे पृष्ठभाग निसरडा करणाऱ्या द्रवाचा, फवारा भरपूर मारून क्लेचा चपटा तुकडा हलक्या हाताने सरळ रेषेत पुढे-मागे, जोर अजिबात नाही, क्लेच पकडते काय पकडायचं ते. घाण झाला की घडी घालून नवी बाजू काढायची, आणि जमिनीवर पडला तर तो तुकडा सरळ फेकायचा, कितीही नवा असो, कारण त्याला चिकटलेला एक खडा पूर्ण दरवाजा खराब करू शकतो.

मग टेस्ट स्पॉट. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि हेच लोक गाळतात. मागच्या दरवाजाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे सहज नजर जात नाही तिथे, मास्किंग टेपने एक चौकोन आखला, पांढऱ्या सुती फडक्यावर अगदी सौम्य पॉलिश घेतलं आणि हाताने घासायला लागलो. फडकं उलटं केलं तर लालभडक.

काका एकदम पुढे आले. "अरे थांब थांब! रंग निघतोय सगळा!"

त्यांची भीती बरोबरच होती, फक्त या गाडीला लागू नव्हती. आजकालच्या गाड्यांत रंगाचा थर खाली असतो आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट, तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही बारीक. तशा गाडीवर फडक्याला रंग लागला तर खरंच घाबरायचं, कारण तुम्ही क्लिअर कोट पार करून खाली पोचलात. पण ही पद्धत १९८० च्या दशकापासून हळूहळू पसरली, त्याआधी आणि साध्या लाल-पांढऱ्या रंगांत नंतरही बरीच वर्षं सिंगल स्टेज पेंट असायचा, त्यात रंग आणि चमक एकाच थरात. उन्हाने त्या थराचा वरचा भाग कोरडा पडतो, रंगाला धरून ठेवणारं बाइंडर मरतं आणि नुसती रंगाची पावडर वर राहते. लाल रंगात हे सगळ्यात जास्त दिसतं. फडक्यावर आली होती ती ही मेलेली पावडर. मी टेप काढला आणि काकांना म्हटलं, जरा लांबून बघा. गुलाबी दरवाजाच्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढा चौकोन गडद लाल, ओला असल्यासारखा. ते काही बोलले नाहीत, खाली वाकून बोटाने त्या चौकोनाची कड चाचपत राहिले.

दरवाजाची खात्री झाली म्हणून इतर पॅनेलवरही तीच टेस्ट केली, प्रत्येक पॅनेलवर वेगळी करायचीच असते. टप लाल. डिकी लाल. दोन्ही बाजूंची फेंडर लाल. आणि बॉनेटवर फडकं पांढरंच राहिलं! दुसरं स्वच्छ फडकं घेऊन परत घासलं, तरी नाही. मग पेंट थिकनेस गेज, म्हणजे रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र, लावलं. दरवाजे आणि टपावर १०० मायक्रॉनच्या आसपास, कंपनीच्या रंगाला शोभेल असं. बॉनेटवर २०० च्या वर. बॉनेट उघडून आतली कड बघितली, तर नखाला एक बारीक पायरी लागली, मास्किंग टेप लावून रंग मारला की त्याच्या कडेला राहते ना तशी, आणि शेजारच्या रबराच्या टोकावर लाल रंगाचे बारीक शिंतोडे.

म्हणजे गाडीवर सगळ्यात चांगलं दिसणारं बॉनेट हेच एकटं नंतर रंगवलेलं होतं, क्लिअर कोट मारून, आणि जे मेलेलं दिसत होतं ते सगळं ओरिजिनल.

काकांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. गाडी घेताना त्यांना एकही पॅनेल रंगवलेलं नाही असं सांगितलं गेलं होतं आणि इतकी वर्षं ते बॉनेटकडे बोट दाखवूनच लोकांना सांगायचे की बघा कंपनीचा रंग. मी त्यांना नखाने ती पायरी चाचपायला लावली. त्यांना वाईट वाटलं ते दिसत होतं, पण मला खरं सांगायचं तर त्या क्षणी आनंदच झाला होता, कारण दरवाजे, टप, डिकी हे सगळं वाचवण्यासारखं निघालं होतं आणि ओरिजिनल पेंट एकदा खरवडून काढला की परत मिळत नाही, कितीही चांगला पेंटर असू दे.

आता हे मशिनने का नाही केलं असं विचारतात. मशिन माझ्याकडे आहे, वापरतोही. पण रंग जुना, पातळ झालेला, आणि दरवाजाच्या मधून जी घडीची रेघ जाते तिथे गेज ६० च्या आसपास आकडा दाखवत होतं. अशा कडांवर रंग मुळातच पातळ बसतो, मशिनचं पॅड तिथे दोन सेकंद जास्त थांबलं की रंगाखालचा पहिला थर, प्रायमर, वर. हाताला कळतं, मशिनला नाही. त्या रेघेवर मी टेप लावला आणि ती शेवटपर्यंत फक्त नुसत्या बोटांनी केली.

पहिल्या दिवशी पॉलिश केलंच नाही. ग्लेझचा, म्हणजे रंग न खरवडणाऱ्या तेलकट क्रीमचा, जाड थर सगळ्या लाल पॅनेलवर चोळून रात्रभर तसाच ठेवला. सिंगल स्टेज पेंट हे तेल शोषतो आणि रंग आतून गडद होतो, शिवाय दुसऱ्या दिवशी घासताना कोरड्या पावडरचे ओरखडे पडत नाहीत. घाई असलेला माणूस हीच पायरी गाळतो. सकाळी गेलो तर टपावर ग्लेझ ठिकठिकाणी पिऊन टाकलेलं, मध्ये मध्ये नुसतेच मॅट पट्टे, तिथे परत थोडं लावलं.

मग फोमच्या अ‍ॅप्लिकेटरवर सौम्य पॉलिश घेऊन एका वेळी दोन फूट बाय दोन फूट, त्यापेक्षा मोठा भाग नाही. हात सरळ रेषेत चालवायचा, समोरून मागे, कारण हाताच्या कामात बारीक रेषा राहिल्याच तर त्या सरळ रेषा नजरेला कमी दिसतात, गोल असतील तर प्रत्येक बाजूने चमकतात. पुसायचं फडकं चार घड्यांचं, म्हणजे आठ बाजू मिळतात, आणि सिंगल स्टेजवर त्या आठही बाजू बघता बघता लाल होतात, मग फडकं बदलायचंच. लाल झालेल्या फडक्याने पुसत राहिलं तर काढलेला मेलेला रंग तुम्ही परत गाडीवरच पसरवत असता. फडक्याचं लेबलही आधी कापून टाकायचं, त्याची शिवण रंगावर रेघ पाडते.

काका सकाळपासून खुर्ची टाकून बघत होते. दुपारी उठून आले आणि म्हणाले, "एक दरवाजा मला दे." दिला. पहिल्यांदा खूप जोर लावत होते, मी म्हटलं काका हलक्या हाताने, पॉलिशला काम करू द्या, पोरीच्या गालावरून हात फिरवतो तेवढाच दाब. त्यानंतर त्यांनी जो दरवाजा केला तो माझ्यापेक्षा सावकाश पण तितकाच स्वच्छ होता, कडेला पॉलिशचा एक ठिपकासुद्धा ठेवला नाही.

शेवटी वॅक्स, आणि इथे एक गैरसमज फार आहे. वॅक्स ओरखडे घालवत नाही आणि मेलेला रंगही जिवंत करत नाही, ते काम पॉलिशचं. मेलेल्या रंगावर थेट वॅक्स चोपडलं तर चार दिवस बरं दिसतं आणि मग पट्टे पट्टे उमटतात. वॅक्सचं काम राखायचं. मी कार्नौबा वापरलं, हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका पामच्या पानांवरचं मेण, नैसर्गिक मेणांत सगळ्यात कडक, ८२ ते ८६ अंशांना वितळतं, त्यामुळे उन्हातल्या पत्र्यावर टिकाव धरतं. काळ्या प्लास्टिकवर आधी टेप लावला, तिथे वॅक्स लागलं की पांढरे डाग पडतात आणि निघता निघत नाहीत. थर इतका पातळ की नीट दिसूही नये, जाड लावून जास्त टिकत नाही, फक्त पुसायला जास्त त्रास होतो. वाळलं का ते बघायला एक बोट हलकेच ओढायचं, खाली स्वच्छ चमक आली तर पुसायचं, ओघळ-डाग दिसला तर अजून थांबायचं. काही तासांनी दुसरा थर, पहिल्यात कुठे राहून गेलं असेल ते भरायला.

संध्याकाळी गाडी बाहेर काढली तेव्हा दरवाजे आणि टप गडद लाल, आणि त्यांच्या पुढे कालपर्यंत सगळ्यात छान दिसणारं बॉनेट फिकट नारिंगीकडे झुकणारं, वेगळंच. त्याची पुढची कड ग्रिलजवळ पांढुरकी होऊन सुटायला लागली होती, तेही आता उठून दिसत होतं. क्लिअर कोट सुटायला लागला की त्याला पॉलिश नाही, ग्लेझ नाही, वॅक्स नाही, तो परत चिकटत नाही. हे मी काकांना स्पष्ट सांगितलं, खोटी आशा दिली नाही.

काकांनी पूर्ण रिपेंट रद्द केलं, फक्त बॉनेट रंगवायचं ठरवलं. पेंटरला काय सांगायचं ते मी त्यांना कागदावर लिहून दिलं: जुना क्लिअर कोट पूर्ण काढा, वरून नुसता थर मारू नका, आणि शेड जुळवायची ती पॉलिश झालेल्या फेंडरशी, बॉनेटच्या जुन्या रंगाशी नाही. पॉलिशच्या आधी शेड जुळवली असती तर पेंटरने गुलाबीच रंग बनवला असता. आणि नवीन बॉनेटवर वॅक्स लगेच लावायचं नाही, रंग आतून पूर्ण वाळायला वेळ लागतो, पेंटर सांगेल तेवढं थांबायचं, साधारण एक ते तीन महिने. तोपर्यंत बॉनेट साध्या शाम्पूने धुवायचं आणि पक्ष्याची घाण दिसली की त्याच दिवशी ओल्या फडक्याने मऊ करून काढायची.