दाजींची एक्सयूव्ही 700 आणि माझी 2010 ची सिटी

दाजी शिपवर गेले की त्यांची एक्सयूव्ही 700, म्हणजे महिंद्राची मोठी एसयूव्ही, माझ्याकडे असते, आणि सगळे मला विचारतात की आता ती जुनी होंडा सिटी कशाला ठेवलीयेस. तर ऐका.

आधी पार्किंग. कोथरूडमधली आमची सोसायटी जुनी, दोन पिलरच्या मधली जागा मारुती 800 च्या जमान्यातली. सिटीची रुंदी 1695 मिमी आणि एक्सयूव्हीची 1890, म्हणजे जवळजवळ 20 सेंटीमीटर जास्त. ऐकायला वीतभरच वाटतं हो, पण तेवढ्यात दार अर्धंच उघडतं आणि मग पोट आत ओढून, आरसा सांभाळत, तिरकं तिरकं बाहेर यायचं. शेजारचे काका बाल्कनीतून बघत असतात ते वेगळंच. त्यामुळे भाजी आणायला सिटीच निघते.

ताम्हिणी घाटात मात्र एक्सयूव्हीच्या डिझेल इंजिनाची मजा आहे, खोटं कशाला बोलू. 450 एनएम टॉर्क (ओढायची ताकद) 1750 आरपीएमलाच, म्हणजे इंजिन फार न फिरवताच हातात, पुढे टेम्पो रखडला असेल तर नुसता पाय दाबायचा. सिटीला 146, तोही 4800 ला, म्हणजे सेकंड टाकून ओरडवायची, 6600 पर्यंत नेली की मग ते 118 घोडे जागे होतात. मला तेच आवडतं, बायकोला नाही. पण उतरताना उलटं. उंच आणि जड गाडी, कुठलीही असो, वळणावर झुकतेच, मागच्या सीटवर लगेच आवळा सुपारीचा डबा फिरायला लागतो. सिटी बुटकी आणि हलकी, रस्त्याला चिकटून उतरते.

खराब रस्ता आला की विषय संपला. पाच जण बसले की सिटी प्रत्येक स्पीडब्रेकरवर तिरकी घ्यावी लागते, तरी खालून खर्र होतंच. सेफ्टीतही मी सिटीची बाजू घेत नाही, 2021 ला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये एक्सयूव्हीला मोठ्यांसाठी 5 स्टार मिळालेत, माझ्याकडे दोन एअरबॅग आणि चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस, बास.

आईचं मत पक्कं एसयूव्हीला. सिटीत बसायचं म्हणजे तिच्या मते पाटावर बसणं, उठताना कोणीतरी हात द्या. दाजींच्या गाडीत सीट कमरेशी, नुसतं सरकायचं. (जावयाची गाडी आहे हा मुद्दा आहेच म्हणा.)

आणि सात सीटर सात सीटर म्हणतात ना, तिसरी रांग उघडली की मागे बॅगा ठेवायला जागाच उरत नाही. सात माणसं न्या नाहीतर सामान न्या. सिटीची डिकी 506 लिटर आहे, अजून कोणी तोंड उघडलेलं नाही तिच्याबद्दल.

15 वर्षं झाली म्हणून ग्रीन टॅक्स भरून पासिंग पुढच्या 5 वर्षांसाठी करून घेतलंय. गणपतीला चिपळूणला जाताना आई जावयाच्या गाडीत, बॅगा माझ्या डिकीत.